गॅप सर्टिफिकेट कुणी मागितलंच नाही

सांगलीहून निघताना माझ्या हँडबॅगेत पासपोर्टच्या खाली एक निळी प्लास्टिकची फाइल होती. दहावी-बारावीची मार्कशीटं, लिव्हिंग सर्टिफिकेट, मायग्रेशन, शिवाजी विद्यापीठाचं एम.कॉम.चं सर्टिफिकेट, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, त्यावर अटेस्टेडचे जांभळे शिक्के, आणि सगळ्यात शेवटी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं गॅप सर्टिफिकेट. ते पप्पांनी करून घ्यायला लावलं. म्हणाले, तिकडं जाऊन काही शिकायचं मनात आलं तर पहिला प्रश्न हाच येणार, मधली वर्षं कुठं होतीस. मग कोर्टासमोर बसणाऱ्या टायपिस्टकडून लिहून घेतलं की मी खाली सही करणारी, २०११ ते २०२१ या काळात घरगुती कारणाने घरीच होते, दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता आणि कुठल्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते. गैरकृत्य! दहा वर्षांत मी फार तर पोराच्या डब्यातला उरलेला पराठा टाकून दिला असेल.

२०२२च्या फेब्रुवारीत सनीवेलला आलो, कॅलिफोर्नियात. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या. एच-फोर म्हणजे राहा, फिरा, गाडी चालवा, बँकेत खातं काढा, फक्त पगार घेऊ नका. शिकायचं असेल तर शिका, त्याला वेगळा व्हिसा लागत नाही. पण हे शेवटचं मला जवळजवळ वर्षभर माहीतच नव्हतं. मला वाटायचं शिकायचं म्हणजे एफ-वन, विद्यार्थ्यांचा व्हिसा, म्हणजे परत मुंबईला कॉन्सुलेटच्या लाइनीत उभं राहायचं. त्यामुळे वर्षभर मी काय केलं तर मुलाला शाळेत सोडलं, आणलं, आणि ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास झाले. (हे नापास होणं पुढे भलत्याच ठिकाणी आडवं आलं, सांगते.)

कळलं ते शाळेच्या गेटवर. मुलाच्या वर्गातल्या एका मुलाची आई, विजयवाड्याची, रोज कानात इयरफोन घालून कसलंतरी लेक्चर ऐकत यायची. एक दिवस विचारलं तर म्हणाली कम्युनिटी कॉलेजमध्ये अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन करतेय, तिसरा क्लास चालू आहे. मी विचारलं फी किती, म्हणाली एकशे अडतीस डॉलर. मी म्हटलं महिन्याला? ती म्हणाली नाही गं, अख्ख्या सेमिस्टरला. मला खरंच वाटलं ती एखादं शून्य विसरतेय, कारण इथं अमेरिकन कॉलेजच्या फीचे आकडे आपण जे ऐकतो ते ऐकून माणूस आधी पोराच्या नावाने खातं उघडतो, स्वतःचा विचार करत नाही.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, गावच्या लोकांसाठी गावात. अमेरिकेत ही भानगड जुनी आहे, इलिनॉयमधल्या जोलिएटचं कॉलेज १९०१ सालचं, तेव्हा ज्युनिअर कॉलेज म्हणायचे. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. इथे मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही, सीईटी नाही. अठरा वर्षं पूर्ण असली की फॉर्म भरा आणि या. कुणी इथे दोन वर्षं करून मग मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातं, कुणी नर्सिंग, कुणी एसी दुरुस्ती, कुणी निवृत्त झाल्यावर मातीची भांडी. क्रेडिटचे, म्हणजे डिग्रीत धरले जाणारे क्लास असतात, ते युनिटांत मोजतात, त्याला या राज्यात रहिवाशांना ४६ डॉलर युनिट, आणि तीन युनिटचा क्लास म्हणजे १३८. आणि एक असतं नॉन-क्रेडिट, इंग्लिश शिकणं वगैरे, मोठ्या माणसांसाठी, त्याला फीच नाही. मार्कही नाहीत. आमच्या आसपास डी अँझा आणि फुटहिल ही दोन क्वार्टरवाली म्हणजे बारा-बारा आठवड्यांची, तिथे युनिटचा हिशोब वेगळा, ३१ डॉलर. बाकीची सेमिस्टरवाली. मी कुठे गेले ते सांगत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे.

मी आधी धीर करून नॉन-क्रेडिटलाच गेले. फुकट आहे, फसलं तर घरी येऊ एवढाच विचार. २०२३चा जानेवारी. एका खोलीत वाचायची आणि ऐकायची टेस्ट घेतली आणि सगळ्यात वरच्या इंग्लिशच्या वर्गात बसवलं. वर्गात कोण तर एक व्हिएतनामी आजी जी तोच लेव्हल तिसऱ्यांदा करत होती (चालतं, नॉन-क्रेडिटमध्ये परत परत बसता येतं), मेक्सिकोचा एक माणूस जो पहाटे चारपासून हॉटेलच्या किचनमध्ये असायचा आणि थेट तिथून यायचा, त्याच्या जॅकेटला कायम भाजलेल्या मिरचीचा वास, एक इराणी दाताची डॉक्टर, दोन युक्रेनच्या बहिणी. आणि आम्ही तीन देशी बायका, तिघीही कोपऱ्यात एकमेकींशेजारी, कारण सवय. इराणी डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या तिकडे माझं स्वतःचं क्लिनिक होतं, सोळा वर्षं. कुणी काही बोललं नाही. मग आजीने पिशवीतून कापलेला पेरू काढला आणि मिठाची पुडी उघडली, मिठात तिखट कालवलेलं, आपल्या इथे शाळेसमोर मिळतो तस्साच, आणि आधी त्या डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्यांनी फोड उचलली आणि मग आम्ही सगळ्यांनीच.

चार आठवड्यांनी टीचरने मला थांबवून घेतलं. म्हणाली तू इथे कशाला बसलीयेस. मला वाटलं काहीतरी चुकलं, कागद राहिला. तर ती म्हणत होती तुझं इंग्लिश क्रेडिटच्या क्लासला पुरेसं आहे, तू भित्री आहेस म्हणून इथे बसलीयेस, फॉलच्या, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला खाली अॅडमिशनच्या खिडकीत जा. भित्री म्हणाली नाही खरं तर, काहीतरी गोड शब्द वापरला, पण अर्थ तोच.

फॉर्म ऑनलाइन असतो, सीसीसी अप्लाय म्हणून, राज्यातल्या अशा कॉलेजांचा. मी निळी फाइल शेजारी उघडून बसले. बारावी झाली का, हो. आधी कुठे कॉलेजला होतात का, कुठल्या साली संपलं, भरलं. मग मी वाट बघत राहिले त्या प्रश्नाची. पुढचं पान, पुढचं पान, पत्ता, व्हिसा, कशासाठी शिकायचंय, आणि सबमिट. गॅपचा रकानाच नाही. मी परत मागे जाऊन बघितलं, मला वाटलं माझ्याकडून पान सुटलं. इतकी वर्षं मनात जे घोळवत होते, काय उत्तर द्यायचं, लग्न म्हणायचं का बाळंतपण म्हणायचं का सासऱ्यांचं आजारपण, त्याला जागाच ठेवलेली नव्हती.

जागा होती ती भलत्याच गोष्टीला. रेसिडेन्सी. म्हणजे रहिवासाचा दाखला समजा, डोमिसाइल. ४६ डॉलरचा दर हवा तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही राज्यात राहून वर्ष झालेलं पाहिजे, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदाने दाखवायचं. नाहीतर नॉन-रेसिडेंटचा दर, तो युनिटला तीनशे डॉलरच्या वर. तीन युनिटचा क्लास सरळ हजारच्या घरात. एच-फोरवाल्यांना रेसिडेंट होता येतं, बऱ्याच बायकांना उगाच वाटतं की व्हिसावर आहोत म्हणजे आपोआप बाहेरचे. तसं नाही. पण सिद्ध तुम्ही करायचं.

मी फेब्रुवारी २०२२ला आले, क्लास ऑगस्ट २०२३चा, दीड वर्ष झालं, मला वाटलं ह्यात काय. खिडकीत गेले. खिडकीतला मुलगा असेल बावीस-तेवीसचा, गोड होता, पण त्याच्यापुढे एक यादी होती आणि यादीच्या बाहेर तो बघायला तयार नव्हता. लाइटबिल? नवऱ्याच्या नावावर. बँक? जॉइंट, पण माझं नाव घातलं मार्चमध्ये, पाच महिनेच झालेले. ड्रायव्हिंग लायसन्स? हे बघ. त्याने तारीख बघितली, जानेवारी २०२३. वर्ष होत नाही. टेस्टमध्ये दोनदा फुटपाथच्या कडेला चाक घासलं त्याची किंमत मला अॅडमिशनच्या खिडकीत मोजायला लागेल असं डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, कुणी सांगितलं नव्हतं. मग मी विजयी मुद्रेने टॅक्सचे कागद काढले, दोघांचं जॉइंट रिटर्न, माझं नाव स्पष्ट. त्याने वरची ओळ वाचली आणि बोट ठेवलं. आम्ही वर्षाच्या मध्ये राज्यात आलो म्हणून सीएने, म्हणजे इथल्या टॅक्सवाल्याने, फॉर्म भरला होता ५४०-एनआर, आणि त्या फॉर्मचं नावच 'नॉन-रेसिडेंट ऑर पार्ट-इयर रेसिडेंट'. मुलगा म्हणतो इथे तर नॉन-रेसिडेंट लिहिलंय. मी म्हटलं पुढचं वाच, पार्ट-इयर रेसिडेंट, आम्ही ते आहोत. तो म्हणाला मॅम, मला कळतंय, पण मी हे घेऊ शकत नाही.

त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रडले हे लिहायला काही हरकत नाही. रडण्याचं कारण फी नव्हती. दीड वर्ष एका गावात राहून, रोज दोन वेळा शाळेच्या गेटवर उभी राहून, माझ्या नावाचा एक कागद तयार झालेला नव्हता. नवऱ्याचा सगळा संसार कागदावर होता, पे-स्टब, डब्ल्यू-टू, भाड्याचं अॅग्रीमेंट, इंटरनेटचं बिल. माझा कुठंच नाही. घरी बसण्याआधी पतसंस्थेच्या नोकरीत चार वर्षं मी हेच केलं होतं, लोकांना कागद आणा कागद आणा म्हणून परत पाठवलं होतं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका कर्ज मागायला यायच्या तेव्हा मी पण असंच गोड आवाजात सांगायचे, ताई मला कळतंय पण.

घरी येऊन सगळे ड्रॉवर उपसले. भाड्याचं अॅग्रीमेंट सव्वीस पानांचं, कोण वाचतं, पण पाचव्या पानावर 'ऑक्युपंट्स' म्हणून मुलाचं आणि माझं नाव होतं, तारीख मार्च २०२२. मुलाच्या शाळेकडून पत्र मागितलं, त्यांनी पहिल्याच दिवशी दिलं, की अमुक मुलगा मार्च २०२२ पासून आमच्याकडे आहे, पालक म्हणून आईचं नाव नोंदवलेलं, पत्ता हा. आय-९४, म्हणजे या देशात आल्याची सरकारी नोंद. आणि पब्लिक लायब्ररीच्या कार्डाची प्रिंट पण ठेवली, असू दे म्हणून. ह्या वेळी खिडकीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी शाळेचं पत्र वाचलं, अॅग्रीमेंटचं पाचवं पान वाचलं, लायब्ररी कार्ड बाजूला सारलं, आणि म्हणाल्या ओके हनी. एवढंच. तीन दिवसांनी पोर्टलवर 'रेसिडेंट' झालं. एक सांगते, जी कुणी नवीन आलीय तिने आल्या आल्या एक तरी बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, पाण्याचं असो नाहीतर फोनचं. शिका अगर शिकू नका.

मग काउन्सेलर. इथे प्रत्येकाला काउन्सेलर फुकट भेटतो आणि कुठल्या सेमिस्टरला काय घ्यायचं याचा एक कागद करून देतो, एड प्लॅन म्हणतात. मी फाइल घेऊनच गेले, सवय जात नाही. बोलता बोलता मी म्हटलं, हे आमच्याकडे लागतं, आणि गॅप सर्टिफिकेट काढून दिलं. त्या बाईंनी अख्खं वाचलं, स्टॅम्पवरचे अशोकस्तंभाचे सिंह बघितले, आणि काळजीच्या सुरात विचारलं, तुझ्यावर कसली केस होती का? गैरकृत्याच्या ओळीने गोंधळ केला होता. मी समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या की दहा वर्षं घरी मूल वाढवलं असा जर हा कागद असेल तर तू निवडतेयस त्या कोर्सला हा अनुभव आहे, आम्ही त्याला गॅप म्हणत नाही. आता हे इथल्या लोकांचं बोलणं असतं, सगळ्यांनाच छान छान म्हणतात, तरी पण.

कोर्स मी अकाउंटिंगचा घेईन असं सगळ्यांना वाटलं होतं, मला पण. एम.कॉम. ना. पण खरं सांगू का, पतसंस्थेतल्या खतावण्यांकडे परत जायचं मनातच नव्हतं. म्हणून ईसीई, म्हणजे ते विजयवाड्याच्या बाईचं अर्ली चाइल्डहूड एज्युकेशनच घेतलं. त्यात चार मुख्य क्लास, बारा युनिट झाले आणि थोडा प्रत्यक्ष कामाचा अनुभव जमा झाला की प्रीस्कूलमध्ये टीचर म्हणून लागता येतं, सहा युनिटवर असिस्टंट. अर्थात ज्यांना काम करायची परवानगी आहे त्यांना. एच-फोरवाल्यांना ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळायची सोय २०१५च्या मेपासून आहे, पण त्याला आधी नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीने करायचा अर्ज, अप्रूव्ह व्हायला लागतं, आणि तेव्हा आमचं फाइल पण झालेलं नव्हतं. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बरोबर तिथेच बोट ठेवलं. म्हणाल्या, नोकरी करता येत नाही म्हणतेस, मग बालवाडीच्या बाईचं शिकून करणार काय? आणि एम.कॉम. झालेली तू. मी म्हटलं आई, करते तर खरं. नवरा कॅमेऱ्याच्या मागून मला खुणा करत होता की वाद घालू नको. आईंचा प्रश्न चुकीचा नव्हता, अजूनही रात्री कधीकधी तोच मी स्वतःला विचारते.

पहिल्या क्लासला मी वेटलिस्टवर चौथी होते. चाइल्ड ग्रोथ अँड डेव्हलपमेंट, निम्मा ऑनलाइन निम्मा वर्गात. वेटलिस्ट म्हणजे आपल्याकडचं आरएसी समजा, क्लासला जायचं, बसायचं, कुणी आलं नाही तर प्रोफेसर अॅड कोड, म्हणजे क्लासला नाव घालायचा नंबर, देतात. प्रोफेसरबाईंनी पहिल्याच दिवशी एक विचित्र गोष्ट सांगितली, की यादीतली सगळी नावं माणसांची नाहीत. आर्थिक मदतीचे पैसे लाटण्यासाठी खोट्या नावांनी अॅडमिशन घेणाऱ्या टोळ्या आहेत, घोस्ट स्टुडंट म्हणतात, राज्यभर हा ताप झालाय. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपली ओळख लिहायची, नाही लिहिली तर नाव कापणार. शुक्रवारपर्यंत नऊ भुतं उडाली आणि मला कोड आला. आपल्याकडे पटावर मुलं दाखवून अनुदान घेणाऱ्या शाळांच्या बातम्या वाचत मोठी झाले, त्यामुळे मला तसं घरच्यासारखंच वाटलं.

अभ्यास सुरू झाला आणि मी जुन्या पद्धतीने तुटून पडले. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या बुद्धीच्या वाढीच्या सांगितलेल्या चार अवस्था वयासकट पाठ, पोराला शाळेत सोडून आल्यावर फरशी पुसता पुसता घोकलेल्या. क्विझमध्ये प्रश्न आला की चार वर्षांची मुलगी म्हणते उंच पेल्यातला ज्यूस जास्त आहे, तुम्ही तिच्या टीचर आहात, काय कराल? मी चारही अवस्था व्याख्येसकट लिहून दिल्या. २०पैकी ११. शेरा होता, हे मला माहीत आहे, पण तू काय करशील? मला इतका राग आला. मग त्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबातली चार वर्षांची चिमुरडी आमच्याकडे खेळायला आली होती तिच्यापुढे मी दोन सारख्या वाट्यांत ताक ओतलं. सारखंच ना? सारखंच. मग तिच्या डोळ्यादेखत एका वाटीतलं उंच स्टीलच्या पेल्यात ओतलं. आता? पेल्यात जास्त. मी परत वाटीत ओतलं. सारखं. परत पेल्यात. जास्त. तिच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा, शेजारी कपाळाला हात लावून उभा, आई तिला काहीच कळत नाही का? तिने पेल्यातलं ताक पिऊन टाकलं, जास्त होतं म्हणून. मी वाटी आणि पेला तसेच तिच्याकडे दिले, पाणी दिलं आणि ओत म्हटलं, अर्धा तास ती ओतत बसली, सगळी फरशी ओली. तेव्हा कुठे प्रश्नाचं उत्तर सुचलं, पण क्विझ होऊन गेली होती.

सगळ्यात अवघड गेलं ते बघणं. कॉलेजचीच एक बालवाडी आहे, तिच्या शेजारी एक अंधारी खोली, मध्ये काच, आपल्याला पोरं दिसतात, पोरांना आपण दिसत नाही. तिथे बसून वीस मिनिटं एकाच मुलाकडे बघायचं आणि लिहायचं. मी लिहिलं, मुलगा हट्टी आहे, खेळणी शेअर करत नाही, पण नंतर शहाण्यासारखा वागला. कागद परत आला तर हट्टीभोवती गोल, शहाण्यासारखाभोवती गोल, आणि बाजूला, हट्टी कसा दिसतो? मी विचार करत बसले, हट्टी कसा दिसतो म्हणजे काय, हट्टी हट्टीच दिसतो. आणि मग एकदम पतसंस्था आठवली. तपासणीच्या रिपोर्टात आम्हाला 'कर्जदार बेभरवशाचा आहे' असं लिहायची बंदी होती. साहेब म्हणायचे, ते तुमचं मत झालं, तीन हप्ते थकीत आहेत असं लिहा. अरे हे तर मला येतं! परत गेले, परत त्याच मुलाकडे बघितलं. पाण्याच्या टेबलाशी उभा आहे. निळा मग दोन्ही हातांनी छातीशी धरलाय. शेजारची मुलगी हात पुढे करते, तो पाठ फिरवतो. मगातलं पाणी शर्टवर सांडतं, तो शर्टकडे बघतो. मग मान न वळवता मग टेबलावर ठेवतो आणि बोटाने तिच्या बाजूला सरकवतो, साधारण वीतभर. त्या खेपेला पूर्ण मार्क मिळाले, पण मार्कापेक्षा डोक्यात राहिलं ते सरकवलेलं वीतभर अंतर, कारण पहिल्या वेळेस पण त्याने बहुतेक तेच केलं असणार आणि मी हट्टी लिहिण्यात गुंतले होते. घरी पोराला काही म्हणायला तोंड उघडलं की आता ते दोन गोल दिसतात. त्रासच आहे एक प्रकारचा.

दुसऱ्या सेमिस्टरला बालशिक्षणातल्या एका व्यक्तीवर पाच मिनिटं बोलायचं होतं. अर्ध्या वर्गाने माँटेसरी घेतली. मी ताराबाई मोडक घेतल्या. माझ्या आईची मावशी बालवाडीत शिकवायची, तिच्या घरी भिंतीवर ताराबाईंचा फोटो होता, नातेवाइकांच्या फोटोंच्या ओळीत, त्यामुळे लहानपणी मला त्या आमच्याच कुणी वाटायच्या. सांगितलं की १९०७ला रोममध्ये माँटेसरींचं बालगृह निघालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण तीच पद्धत १९४५ला बोर्डीसारख्या गावात कशी नेली ते ऐका. महागडी साधनं कुठून आणणार, मग शंख, शिंपले, बिया, पानं, मातीची भांडी. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात भरवली, त्यातूनच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा काढली, गुरं राखणारी आदिवासी मुलं गुरं सोडून येणार नाहीत, तर शाळाच कुरणात. 'कुरणशाळा' मी बोर्डावर देवनागरीत लिहिलं आणि खाली इंग्लिशमध्ये अर्थ. मेक्सिकोचा एक मुलगा, कॉलेज करून शेतमजुरांच्या पोरांच्या पाळणाघरात काम करणारा, त्याने मागून विचारलं, त्या गुरांकडे कोण बघायचं मग? चांगला प्रश्न होता. मी म्हटलं पोरंच, एक डोळा गुरांवर. तो म्हणाला हां, आमच्याकडे पण तसंच. प्रोफेसरबाईंनी फोनने बोर्डाचा फोटो काढून घेतला.

थोडी कुरकुर आता. बालवाडीत प्रत्यक्ष पोरांत बसायचं तर टीबीची टेस्ट लागते. हाताला सुई टोचली, दोन दिवसांनी टरटरून फुगली, नर्सने पट्टी लावून मोजली आणि पॉझिटिव्ह. माझ्या पोटात गोळा. आपल्याकडच्यांच्या दंडावर बीसीजीचा तो गोल वण असतो ना, त्याच्यामुळे ही कातडीची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मी वण दाखवला तर नर्सला तो काय आहे तेच कळेना. मग रक्ताची टेस्ट, तिला बीसीजीने फरक पडत नाही, ती निगेटिव्ह. पण तोपर्यंत तीन आठवडे गेले आणि माझे ऑब्झर्व्हेशनचे तास मागे पडले. सरळ पहिल्यांदाच रक्ताची टेस्ट मागा, दोन फेऱ्या वाचतात. आणि ऑनलाइन डिस्कशनचा प्रकार, आठवड्याला एक पोस्ट आणि दोघांना उत्तर, रविवार रात्री अकरा एकोणसाठच्या आत. सगळे रविवारी अकराला जागे होतात आणि एकमेकांना लिहितात, तुझा मुद्दा मला फार आवडला. मी पण लिहिते. दुसरा इलाज नाही, भाकरी टाकता टाकता लिहिते.

पुस्तकांना मात्र आतापर्यंत खर्च शून्य, वेळापत्रकात ज्या क्लासपुढे पुस्तकखर्च शून्य अशी खूण असते तेच निवडले, पीडीएफ फुकट असते. तीन क्लास झाले, दोन ए, एक बी. बी त्या ताकाच्या सेमिस्टरचा.

आय-१४० अप्रूव्ह झालंय. ईएडीचा अर्ज गेलाय, कधी येईल ते यूएससीआयएसला, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याला माहीत. शेवटचा क्लास राहिलाय, करिक्युलमचा, त्याचे दोनच सेक्शन आहेत, एक बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ वीस आणि एक शनिवारी सकाळी. बुधवारी मुलाचं पोहणं असतं. नवरा म्हणतो मी लवकर येईन, त्याचं लवकर म्हणजे पावणेआठ. शनिवारच्या सेक्शनला मागच्या वेळी सोळा जण वेटलिस्टवर होते. रजिस्ट्रेशन येत्या मंगळवारी उघडतंय, मला वेळ मिळालीय सकाळी पावणेदहाची, त्यामुळे त्या दिवशी पोराला शाळेत सोडलं की गेटवर गप्पा नाहीत, सरळ घरी आणि लॅपटॉप.